रिसबूडकाका आणि ब्रेकमधली हवा

डमडमला आम्ही राहायचो त्या घराच्या आवारात एक जुनी विलायती मोटार होती, आणि ती रोज सकाळी साडेसातला चाळीस पावलं जायची. पत्र्याच्या शेडपासून फाटकापर्यंत. फाटकाशी आली की ब्रेक लागायचा, इंजिन बंद व्हायचं, आणि धोतरावर खाकी शर्ट घातलेले रिसबूडकाका खाली उतरून चारही चाकांच्या आतल्या ब्रेकच्या डब्यांना, म्हणजे ड्रमना, पालथा हात लावून बघायचे. एकाच घरात चार पोरांना एकदम ताप आल्यावर आई जशी फिरेल तसे ते गाडीभोवती फिरायचे. मग मान हलवून पुन्हा आत बसायचे आणि तीच मोटार उलटी चाळीस पावलं शेडमध्ये न्यायचे. झाली त्या दिवसाची सफर.

मी बँकेतला माणूस, आणि त्यात बदली होऊन आलेला. मला असल्या गोष्टींनी उगाचच चीड यायची. एकदा न राहवून विचारलं, "काका, चाळीस पावलांत ड्रम तापणार कसा?"

"तापत नाही, हेच तर पाहावयाचें असतें," काका म्हणाले आणि हात पुसायला लागले. 

काकांचं मराठी हा एक वेगळाच प्रकार होता. त्यांचे वडील रेल्वेच्या हिशेबखात्यात नोकरीला म्हणून कलकत्त्याला आले, काका इथेच जन्मले, विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क होऊन इथेच निवृत्त झाले. मराठी शिकले ते वडिलांच्या तोंडून आणि घरातल्या जुन्या पत्रांतून. त्यामुळे वडील ज्या साली गाडीतून हावड्याला उतरले, त्या साली काकांचं मराठी थांबलं ते थांबलंच. आम्ही बिऱ्हाड लावलं त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "आपला मुक्काम येथे किती दिवस?" सुमन, म्हणजे माझी बायको, आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसली. आम्ही धर्मशाळेत उतरलोय असंच वाटलं असेल त्यांना.

घर घोषालबाबूंचं. तळमजल्यावर मालक स्वतः आणि मागच्या दोन खोल्यांत काका, वर आम्ही. घोषालबाबू रोज व्हरांड्यात पेपर वाचत बसायचे आणि मोटार फाटकाशी आली की पेपरच्या वरून डोळे काढून विचारायचे, "रिशबूडबाबू, गाडी कोबे बेरोबे?" म्हणजे गाडी बाहेर कधी निघणार. काकांचं उत्तर ठरलेलं, "आगे ब्रेक ठीक होक." आधी ब्रेक नीट होऊ दे. दोघांनाही हा संवाद इतका पाठ झाला होता की एखाद्या दिवशी घोषालबाबूंना सर्दी असली तर काका न विचारताच उत्तर देऊन मोकळे व्हायचे.

ती मोटार युद्धाच्याही आधीची. कचेरीतला साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा काकांच्या हातात किल्ली ठेवून गेला. काकांना मूलबाळ नव्हतं. काकी सहा वर्षांपूर्वी गेल्या. उरली ती मोटार, आणि त्या मोटारीतही काकांना बाकी कशाचंच कौतुक नव्हतं. रंग उडालाय, उडू दे. हॉर्नचा आवाज बसलाय, बसू दे. "चालते कशी हें काय विचारता? थांबते कशी तें विचारा," असं ते म्हणायचे.

माणसांकडेही ते याच नजरेनं बघायचे. माझा मॅनेजर सारखा ओरडतो अशी तक्रार मी एकदा केली, तर म्हणाले, "किंचाळणारा ब्रेक वाईट नव्हे. किंचाळतो म्हणजे लागतो तरी. मुकाट्याने न लागणाऱ्यापासून जपून असा." घोषालबाबूंच्या मेहुण्याबद्दल त्यांचं निदान होतं की त्याचा एक शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारी ब्रेकची पट्टी, कायमचा चिकटलेला आहे, म्हणून तो बसल्या जागी तापतो. हे निदान शंभर टक्के खरं होतं.

आता जे सांगायचं ते जरा जड आहे, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही कलकत्त्याला आलो त्याच वर्षी भाद्रपदात सुमनला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. दोन दिवस पाऊस कोसळत होता. जेसोर रोडवर गुडघाभर पाणी, टॅक्सी एक दिसेना, जी दिसली ती थांबेना. शेवटी मी तिला हातांवर उचलून पाण्यातून चालत निघालो. पुढे एका सायकलरिक्षावाल्याला दया आली. सियालदहजवळच्या प्रसूतिगृहात पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. मूल वाचलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्ध्या तासापूर्वी आला असतात तर. त्या वाईट नव्हत्या, पण ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

त्यानंतर मी घरात बोलायचाच थांबलो. बँकेत जायचं, यायचं, भिंतीकडे बघत बसायचं. सुमन माझ्यापेक्षा धीराची. ती रडली, जेवली, कामाला लागली. मला तेही जमेना. रविवार तर खायला उठायचा.

अशाच एका रविवारी, दुर्गापूजा होऊन गेल्यावर, दारावर टकटक झाली. दारात रिसबूडकाका. कोपरापर्यंत काळे हात, एका हातात काचेची बरणी, दुसऱ्यात रबरी नळी.

"कुलकर्णी, तुमचा पाय मोकळा आहे काय?" त्यांनी विचारलं.

माणसाच्या दुःखात लोक काय काय बोलायला येतात हे मी महिनाभर ऐकलं होतं. पण पाय मोकळा आहे का, हे कोणी विचारलं नव्हतं. मी चपला घातल्या आणि खाली गेलो.

काम असं होतं. ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा शिरली की पॅडल ओल्या कणकेसारखं मऊ लागतं, दाबलं तर जमिनीला टेकतं आणि चाकाशी काहीच पोचत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं गाडीत बसून पॅडल दाबायचं. दुसऱ्यानं चाकाशी आडवं होऊन एक बारका नट सैल करायचा, त्याला नळी लावून नळीचं टोक तेलाच्या बरणीत बुडवायचं आणि बुडबुडे बघायचे. नट आवळेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की हवा पुन्हा आत.

"दाबा," चाकाखालून काका म्हणायचे. मी दाबायचो. "धरा." मी धरायचो. माझ्या पायाखाली पॅडल हळूहळू खाली जायचं. मग खालून पाना कुरकुरायचा. "आता सोडा."

दाबा, धरा, सोडा. तासभर हेच. मध्ये एक शब्द नाही. महिनाभरात पहिल्यांदाच मी एक तास दुसरं काही मनात न आणता काढला. घरी आलो तेव्हा पोटरी भरून आली होती आणि भूक लागली होती. सुमननं न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला.

मग दर रविवार ठरूनच गेला. रोग एक नव्हता, रांगच होती. पॅडल दाबून धरलं की आपोआप खचत जायचं. काकांनी मागचं चाक काढलं, तर आतलं रबर गळत होतं. तसं रबर आता मिळणार कुठे? काका आठवडाभर मल्लिकबाजारात जुन्या गाड्यांच्या ढिगाऱ्यांतून हिंडले आणि एक जोडी मिळवून आले. मुलीला स्थळ मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मग गाडी ब्रेक लावला की डावीकडे ओढायला लागली. मी मोठ्या हुशारीनं म्हटलं, डावं चाक उघडा.

"आधी ऐका, मग उघडा," काका म्हणाले. हे त्यांचं लाडकं वाक्य. चाक जॅकवर उचलून ते हातानं फिरवायचे, लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकायचे, मग नाक जवळ नेऊन वास घ्यायचे. त्यांनी उजवं चाक उघडलं. आतल्या शूवर ग्रीस उतरलं होतं, त्यामुळे तो लागतच नव्हता. "लोक ओढणाऱ्यास दोष देतात," काका म्हणाले. "दोष बरेचदा जो मुकाट बसला त्याचा असतो." असं म्हणून ते उगाच बराच वेळ तो शू चिंधीनं पुसत राहिले. मला वाटलं, ग्रीस फार असेल.

एका गोष्टीचा मात्र मला वैताग होता. ब्रेकच्या पॅडलवर चार बोटं जाडीचा एक लाकडी ठोकळा स्क्रूनं घट्ट बसवलेला होता. मी सहा फुटी माणूस. त्या ठोकळ्यामुळे माझा गुडघा दर वेळी स्टिअरिंगवर आपटायचा. "काका, हा काढून टाका की," मी म्हणायचो. "असूं दे. सवय आहे," ते म्हणायचे. मी घरी येऊन गुडघ्याला तेल चोळायचो आणि बडबडायचो.

एक दिवस सुमन म्हणाली, "अहो, बडबडू नका. काकी जेमतेम माझ्या खांद्याला लागायच्या म्हणे. घोषालबाबूंच्या बायकोनं सांगितलं. वीस वर्षं पॅडल त्याच दाबायच्या. त्यांचा पाय पोचावा म्हणून काकांनी तो ठोकळा बसवला."

त्यानंतर मी बडबडलो नाही. तेल चोळत राहिलो.

थंडी सरता सरता सुमननं मला दुसरी बातमी दिली. पुन्हा दिवस गेले होते. मला आनंद व्हायच्या आधी भीतीच वाटली. मी बोटांवर महिने मोजले. दिवस भरणार होते ते नेमके श्रावणाच्या शेवटी, पुन्हा त्याच पाण्यापावसात. त्या आठवड्यात काकांनी एक नवीन नेम सुरू केला. मोटार फाटकाशी थांबली की खडूनं जमिनीवर चाकांशी रेघ ओढायची आणि दुसऱ्या दिवशी बरोबर त्या रेघेवर थांबते का बघायचं. घोषालबाबूंनी पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि कपाळाशी बोट नेऊन फिरवलं. मीही हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

आणि तो दिवस आला तो बंदचा. मंगळवार होता, सकाळचे दहा. रस्त्यावर ट्राम नाही, बस नाही, रिक्षासुद्धा नाही. रात्रभर पाऊस पडून गेलेला. सुमन स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, निघायला हवं."  घोषालबाबूंनी फोन लावला. रुग्णवाहिका येईल, पण कधी ते सांगता येत नाही, असं उत्तर आलं. मी जिन्यावर उभा राहून खालच्या पाण्याकडे बघत होतो. पुन्हा तेच पाणी.

खाली इंजिन सुरू झालं. चाळीस पावलं आली, फाटकाशी थांबली. काकांनी या वेळी ड्रमना हात लावला नाही. मागचं दार उघडून ते वर बघत म्हणाले, "सूनबाईंस हळू उतरवा. घाई नको."

घोषालबाबूंनी एका पुठ्ठ्यावर बंगालीत मोठ्या अक्षरात 'रोगी' लिहून तो पुढच्या काचेला लावला. फाटक उघडताना त्यांना नेहमीचा प्रश्न विचारायचं सुचलं नाही.

पातीपुकुरच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलं होतं. काकांनी गाडी हलक्या गतीनं, न थांबता त्यातून काढली. पलीकडे कोरडा रस्ता लागला आणि मला वाटलं आता सुटलो. तर काकांनी वेग आणखी कमी केला. बैलगाडी बरी. त्यांचा एक पाय गॅसवर आणि दुसरा ब्रेकवर.

"काका, ब्रेक कशाला दाबताय? रस्ता मोकळा आहे," मी म्हटलं.

"ड्रममध्ये पाणी शिरलें आहे. ओले शू धरत नाहीत. घासून सुकवतो आहे."

मागे सुमननं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. माझा तोल सुटला. मी त्या म्हाताऱ्या माणसाला वाटेल ते बोललो. तुमचं खेळणं पुरे झालं म्हणालो. माझी बायको मरायला टेकली आहे आणि तुम्हाला ब्रेकचं पडलंय म्हणालो. तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार, हेसुद्धा म्हणालो.  काका मान जराशी तिरकी करून चाकांचा आवाज ऐकत होते. सुमनच अडखळत म्हणाली, "त्यांना त्यांचं काम करू द्या हो." शेदोनशे पावलं गेल्यावर काकांनी हलकेच एकदा ब्रेक दाबून बघितला, स्वतःशीच "लागला" म्हणाले आणि मग गाडीला असा वेग दिला की मी मागे आपटलो.

बेलगाछियाचा पूल चढलो आणि उतरायला लागलो. बंदच्या दिवशी कलकत्त्यात सगळे रस्ते म्हणजे मैदानं. पुलाच्या उतारावरच फुटबॉल चालला होता. एक पोट सुटलेला गृहस्थ लुंगी खोचून चेंडूमागे धावत थेट आमच्या पुढ्यात आला. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा गाडी उभी होती. सरळ. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, आवाजसुद्धा नाही. लुंगीवाला बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा होता. त्यानं पुठ्ठा वाचला, आत सुमनकडे बघितलं आणि मागे वळून असा ओरडला की अख्खा सामना बाजूला झाला. "जान दादा, शाबधाने जान," तो म्हणाला. जा दादा, जपून जा. पुढे श्यामबाजारच्या नाक्यावर रस्त्यात आडवी टाकलेली बाकं लोकांनीच उचलून वाट करून दिली.

दुपारी सव्वाबाराला मुलगी झाली. आई ठीक, मुलगी ठीक. डॉक्टरीणबाई त्याच होत्या. या वेळी त्या म्हणाल्या, "वेळेवर आलात." तेवढं म्हणून त्या पुढच्या खोलीत गेल्या आणि मी तिथेच भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडलो.

काका बाहेर बाकावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो.

"काका, मघाशी मी नको ते बोललो."

"बऱ्याच दिवसांची हवा होती. निघाली," काका म्हणाले. मग हातांकडे बघत पहिल्यांदाच मला अरेतुरे करून बोलायला लागले. "त्या भाद्रपदात तू सूनबाईस उचलून पाण्यातून नेलेंस, तेव्हा मी फाटकाशीच उभा होतो रे. गाडी मागे शेडमध्ये. ही गेल्यापासून मी तिला हात लावला नव्हता. पॅडल जमिनीस टेकत होतें. मला तुला हाक मारतां आली नाही. घरात मोटार असून तू चालत गेलास."

 त्यांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला.

"तेव्हां ठरवलें. मोटारीस आतां एकदांच जावयाचें आहे. पण त्या दिवशीं मी म्हणेन तेथे थांबली पाहिजे."

म्हणजे त्या भाद्रपदानंतर सुरू झालेलं ते रोजचं फाटक, ती चाळीस पावलं, तो पालथा हात, ती खडूची रेघ, सगळं माझ्यासाठी होतं. आणि मी घोषालबाबूंबरोबर हसलो होतो.

"आणि ब्रेक पुरता नीट झाला कधी?" मी विचारलं.

काका ओशाळले. "पौषांत," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे त्यानंतर सहासात महिने दर रविवारी..."

"बुडबुडे नव्हतेच. तू गाडीत बसलेला, तुला बरणी कोठून दिसणार? मी आपला म्हणत होतो, हवा आहे. नाहीतर तू वरच भिंतीकडे पाहत बसला असतास." मग ते म्हणाले, "आणि मीही खाली काय केलें असतें?"

"मला माहीत होतं काका."

"काय माहीत होतें?"

"पॅडल दगडासारखं टणक लागत होतं. बरणी तुमच्याकडे होती, पण पाय माझा होता ना."

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि खोखो हसले. प्रसूतिगृहाची आया बाहेर येऊन रागावून गेली तरी त्यांना हसू आवरेना. इतक्या दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुढे माझ्या किती बदल्या झाल्या, किती शेजारी मिळाले. चांगले होते सगळे. पण माझ्या संसारावर कोणाचे उपकार असतील तर ते या माणसाचे. माझी मुलगी आज आहे ती त्या शेदोनशे पावलांमुळे, ज्यांच्यासाठी मी त्यांना शिव्या दिल्या. हे मी त्यांना नीट शब्दांत कधी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतोय.

बारसं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आठला खालून हाक आली, "कुलकर्णी, पाय मोकळा आहे काय?" आम्हा दोघांनाही सगळं ठाऊक होतं, तरी आली. मी खाली गेलो, दार उघडून बसलो, पाय ठेवला आणि चमकलो. ठोकळा नव्हता. पॅडल नुसतंच होतं आणि माझा गुडघा कुठेच आपटत नव्हता.

काका हत्यारांच्या पेटीशी वाकले होते. त्यांनी तो ठोकळा बंगाली पेपरात गुंडाळला, सुतळी बांधली आणि पेटीच्या तळाशी ठेवला.

"टाकत नाही," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "तुझ्या मुलीचा पाय पोचेपर्यंत लागेल."

मुलगी तेरा दिवसांची होती. वर खिडकीत सुमन तिला घेऊन उभी होती. काका बरणी आणि नळी घेऊन मागच्या चाकाशी आडवे झाले.

"दाब," ते म्हणाले. मी दाबलं. पॅडल दगडासारखं टणक.

"काका, हवा आहे का?"

"आहे थोडी," चाकाखालून आवाज आला. "धर."

मी धरून बसलो.